समोरची खोली

"जून लागला की येतंय हे पोरगं. खोल्या भरल्या की जातंय."

मी केंद्रावरच्या पाण्याच्या टाकीच्या मागे बादली भरत होते. नळाला धार बारीक होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. बोलत होत्या त्या भोकरकडच्या काकू. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा मान धरत नसे. ऐकत होते लातूरचे गादीवाले चाचा, ते आपल्या मुलीला घेऊन आले होते.

"हाव," चाचा म्हणाले. "रूमचा सीझन हाय ना बाई. आंब्याचा असतो तसा."

दोघंही हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. हवेबद्दल किंवा बसच्या वेळेबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. ते पोरगं म्हणजे माझा भाऊ. बादली भरून वाहायला लागली तरी मी नळ बंद केला नाही. नळ बंद झाला असता तर मी तिथे आहे हे त्यांना कळलं असतं.

आम्हाला वाटायचं की ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नाही.

लातूरला आमचं घर क्लासच्या गल्लीत आहे. मी लहान असताना ती साधी गल्ली होती. एक पिठाची गिरणी, डाळमिलमध्ये कामाला जाणाऱ्या माणसांची घरं, आणि दुपारी सगळीकडे तुरीच्या चुरीचा वास. मग कोपऱ्यावर एक क्लास आला, त्याच्यासमोर दुसरा आला. खांबाखांबावर पास झालेल्या मुलांचे फोटो लागले. पाहता पाहता प्रत्येक घरावर एक मजला चढला. आमच्याही चढला. वर मुलींच्या खोल्या आणि खाली आईची मेस. नांदेड, नायगाव, देगलूर, उदगीर, कुठून कुठून मुली यायच्या. डॉक्टर व्हायला आलेल्या त्या मुली पहाटेच उठून जिन्यावर बसून पाठांतर करायच्या.

जूनमध्ये आईवडील खोल्या बघायला येत. पप्पा अडतीच्या दुकानात कामाला, त्यांना अनोळखी माणसांशी गोड बोलणं जमत नसे. आई चुलीपासून हलू शकत नसे. म्हणून खोल्या दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पप्पा तेवढं एक वाक्य मात्र न चुकता बोलत. "आमची मुलगी इंग्लिश मीडियमची आहे. मुलींना अभ्यासात मदत होते." मग पाहुणे माझ्याकडे बघत आणि मी काहीतरी इंग्रजीत बोलेन म्हणून थांबत. मी खिडकी उघडून दाखवत असे. आमच्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, आणि घरी इंग्रजी बोललं की चुलत भाऊ हसायचे. मी दोन्ही भाषांत गप्प बसायला शिकले होते.

एका जूनमध्ये नांदेडहून एक बाई आल्या होत्या. त्यांना सगळं आवडलं. सामान जिन्यापर्यंत आलं होतं. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या समोरच्या खोलीचं दार उघडं राहिलं आणि त्यांना माझा भाऊ दिसला. तेव्हा तो चालत होता, पण जमिनीवरून उठायचं असलं की आधी हात घोट्यावर, मग गुडघ्यावर, मग मांडीवर ठेवत, स्वतःच्याच अंगावर चढत तो उभा राहायचा. स्नायूंचा आजार. त्याचं नाव आमच्या डॉक्टरांनीसुद्धा आधी मोबाईलवर बघून मग सांगितलं होतं.

"लागतं का हो हे?" त्या बाईंनी विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "जन्मापासूनचं हाय."

"कळवतो आम्ही," त्या म्हणाल्या, आणि सामान परत रिक्षात गेलं. ती खोली दिवाळीपर्यंत रिकामी राहिली.

पुढच्या जूनमध्ये भाऊ पहिल्यांदा अशा मुलांसाठी असलेल्या केंद्रावर गेला, सोबत मी. लपवायचं असं कोणीच म्हणालं नाही. पप्पा म्हणाले, तिथली हवा चांगली आहे. हवा खरंच चांगली होती, त्यामुळे कोणाला काही बोलताही आलं नाही. खोल्या दाखवायच्या असल्या की रविवारी आई त्याच्याजवळ थांबायची आणि मी घरी यायचे. पाहुणे विचारायचे, "घरात कोण कोण असतं?" आणि मी सांगायचे, "आई, पप्पा, मी." मुली राहायला आल्या, त्यांना आईच्या हातचं वरण आवडायला लागलं, की भाऊ परत यायचा. मुलींना त्याचं काही वाटत नसे. उलट त्यांच्या पावलांवरून तो त्यांना ओळखायचा. "दुसऱ्या खोलीतली जिन्यात थांबते," तो मला सांगायचा. "आधी रडते, मग वर जाते. वर रडायला जागा नाही तिला."

केंद्र नांदेडच्या रस्त्यावर आहे. फाट्यावर एसटीतून उतरायचं आणि आत जायचं. भूकंपानंतर या भागात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. घरं बांधून झाल्यावर त्यातले काही पत्रे असेच कुठे कुठे गेले. केंद्राच्या दोन लांब शेड त्याच पत्र्याच्या. वर गवत अंथरलेलं, त्यामुळे आत फार तापत नाही. बाकी सगळं झाडांचं. चिंच, करंज, लिंब, सीताफळाची झुडपं, कडेनं शेवगा. मुरमाची एक वाट सगळ्या झाडांना वळसा घालून जाते. ती इतकी दाबून बसवलेली, की चाकाची खुर्ची एका हातानं ढकलता येते. विहिरीला घालतात तशा सिमेंटच्या रिंगा उभ्या करून त्यात माती भरलेली आहे. खुर्चीत बसलेल्या मुलाच्या हाताशी माती यावी एवढ्या त्या उंच. माझ्या भावानं एका रिंगेत अंबाडी लावली होती आणि तिची पानं मेसच्या डाळीत कशी लागतील याची तो रोज चर्चा करायचा.

चालवणाऱ्या बाईंना सगळे सिस्टर म्हणत. त्या पूर्वी सरकारी दवाखान्यात होत्या. नवीन घर, म्हणजे मूल आणि त्याची माणसं, आलं की त्या पहिल्याच दिवशी सांगत, "इथं कोणी बरं होत नाही बरं का."

"मग काय होतं?" एकदा कोणीतरी विचारलं.

"बसता येतं जरा," सिस्टर म्हणाल्या.

तिथली एक पद्धत होती. सकाळच्या कामानंतर जेवणापर्यंत अदलाबदल. आपलं मूल दुसऱ्या घराकडे द्यायचं आणि दुसऱ्याचं आपण घ्यायचं. स्वतःच्या मुलाचं काही करायचं नाही, पाणीसुद्धा पाजायचं नाही. पहिल्यांदा आयांना ते फार जड जायचं. हात रिकामे राहत नसत, पण हातातलं मूल सवयीचं नसे. माझा भाऊ भोकरच्या काकूंकडे जायचा, त्यांचा मुलगा गादीवाल्या चाचांच्या मांडीवर, आणि चाचांची पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे.

त्या मुलीची हाडं ठिसूळ होती. तिला बगलेत धरून उचलायचं नाही, अंगाखाली हात सरकवून उचलायचं. हाताला धरून ओढायचं तर नाहीच. हे सगळं चाचांनी मला एकदा सांगितलं आणि नंतर तिनं दररोज सांगितलं. चाचांनी तिच्यासाठी कापसाची छोटी गादी शिवली होती. त्या गादीवर बसून ती माझं एक बोट मुठीत धरायची आणि झाडांची नावं विचारायची. मला सगळी नावं मराठीत यायची नाहीत.

"इला कायच येत न्हाई अब्बा," ती चाचांना ओरडून सांगायची.

"असू दे बेटा. शिकेल. इंग्लिश शाळेची हाय," चाचा तिकडून म्हणायचे.

टाकीमागून ऐकलेल्या त्या वाक्यानंतर मला त्यांच्यात बसणं अवघड झालं. त्यात त्या वर्षी मला पप्पांनी एक काम देऊन पाठवलं होतं. समोरची खोली पण भाड्यानं द्यायची, असं त्यांच्या मनात होतं. खालची, हवेशीर, आत संडास-बाथरूम असलेली खोली. बाथरूम भावासाठी बांधलं होतं, भिंतीला धरायला नळी लावलेली. अशी खोली आईवडिलांना सगळ्यात आधी पसंत पडणार. भावाला मागच्या कोठीत हलवायचं आणि तो दिवाळीपर्यंत केंद्रावरच राहू शकेल का, हे मी सिस्टरना विचारायचं. "तुला बोलता येतं त्यांच्याशी नीट," पप्पा म्हणाले होते. त्यांचा आवाज कठोर नव्हता. ते जमिनीकडे बघून बोलत होते.

केंद्राचा नियम सगळ्यांना माहीत होता. मूल एकटं ठेवत नाहीत, घर येतं तेव्हाच मूल येतं. तरी मला विचारायचं होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज विचारते. सिस्टर रोपांना पाणी घालत असायच्या, मी मागे मागे जायचे, त्या म्हणायच्या, "काय गं?" आणि मी म्हणायचे, "ही पिशवी कुठे ठेवू?" दिवसभर मी वाटेवरून खुर्ची ढकलत फिरायचे. भाऊ म्हणायचा, "ताई, बस की. मला चक्कर येऊन राहिली." पण मला बसवत नसे.

"पप्पांनी काय विचारायला सांगितलंय?" एकदा त्यानं विचारलं.

"काही नाही."

"मग नको विचारू," तो म्हणाला आणि अंबाडीला पाणी मागितलं.

रविवारी आई आली. मेसला रविवारी एकच वेळचं जेवण असतं. डब्यात फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती आल्याआल्या भावाकडे निघाली तर सिस्टरनी तिला अडवलं.

"अदलाबदल चालू हाय. तुम्ही हिथं बसा, शेंगा फोडा."

आई चिंचेखाली बसली. एक डोळा शेंगांवर आणि एक रिंगांकडे. भोकरच्या काकू भावाशी वाद घालत होत्या. अंबाडी एवढ्यात खुडायची की नाही, असं काहीतरी. चाचा काकूंच्या मुलाला मांडीवर घेऊन त्याची मान तळहातावर तोलत, त्याला बाजाराचे भाव ऐकवत होते. चाचांची मुलगी माझं बोट धरून करंजाखाली होती. ऊन चढलं होतं, वारा पडला होता.

आणि जमिनीतून आवाज आला. खोल, घुमणारा. पायाखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं, शेडचे पत्रे थरथरले, चिंचेवरचे पक्षी एकदम उडाले.

आमच्याकडे हा आवाज कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भोकरच्या काकू माझ्या भावाला रिंगेपाशी सोडून झोळीकडे धावल्या, कारण त्यांचा मुलगा नेहमी झोळीत असतो. झोळी रिकामी होती. चाचा त्याच मुलाला छातीशी धरून आपल्या मुलीकडे, म्हणजे माझ्याकडे धावत सुटले. आईच्या मांडीवरच्या शेंगा मातीत सांडल्या. ती कधी उठली ते मला दिसलंच नाही, दिसली तेव्हा तिनं भावाच्या खुर्चीची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. मैदानाच्या मधोमध काकू चाचांवर जवळजवळ आदळल्या.

मी हललेच नाही. चाचांच्या मुलीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. मी झटक्यात उठले असते तर तिचा हात ओढला गेला असता.

"सोडू नको," ती म्हणाली.

"नाही सोडत," मी म्हणाले.

पुन्हा काही झालं नाही. थोड्या वेळानं फाट्यावरचा चहावाला सांगत आला, की खडीच्या खदानीत सुरुंग लावला होता आणि आज जरा जास्तच लावला. तोवर सगळे होते तिथेच उभे होते.

"माझं पोरगं घेऊन कुठं पळून राहिले होते भाऊ?" काकूंनी विचारलं. त्यांना दम लागला होता.

"तुमचं म्हणून न्हाई बाई," चाचा म्हणाले. "हातात होतं म्हणून आलं."

"आन माझ्या हातातलं मी तिथंच टाकून आले की," असं म्हणून काकू भावाकडे वळल्या. "रागावलास का रं बाबा?"

"न्हाई," भाऊ म्हणाला. "इथं डोक्यावर छप्पर कुठंय काकू पडायला? तुम्ही सगळे उघड्यावरून उघड्यावर पळालात."

सगळे हसले. चाचा इतके हसले, की काकूंच्या मुलाची मान त्यांच्या हातावर डुलायला लागली आणि काकूंनी त्याला ओढून घेतलं. सिस्टरसुद्धा हसल्या. आई हसली नाही. तिचे हात अजून दांडीवर होते.

आईचं माहेर भूकंपातलं. त्या रात्री ती अंगणात झोपली होती म्हणून वाचली, एवढंच तिनं आम्हाला सांगितलंय. पुढचं आम्ही विचारलं नाही. आमच्या घरात समोरच्या खोलीला रात्री आतून कडी लावत नाहीत. आई भावाच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपते, पाय दाराकडे करून. वरच्या मुलींना वाटतं, मेसच्या काकूंना गरम होतं.

सगळे पांगल्यावर तिनं मला विचारलं, "मागच्या कोठीच्या दारातून खुर्ची जाती का गं?"

मला ते माहीत होतं. तिलाही माहीत होतं. "नाही," मी म्हणाले. "घडी करावी लागते. आधी त्याला उचलून आत न्यायचं, मग खुर्ची."

"म्हंजे बाहेर काढताना बी उचलूनच."

"हो."

तिनं मातीतल्या शेंगा वेचायला सुरुवात केली. मीही वेचू लागले. "सिस्टरना इचारलंस का तू?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"इचारू नको. ह्याला घेऊन चल उद्या."

"पप्पांना काय सांगायचं?"

"तू सांग," आई म्हणाली. "मी सांगून बघितलं. मी बोलले की ते म्हणतात, तुझ्या डोक्यातून भूकंप जात न्हाई. तुला एवढं शिकवलंय, तू बोल."

दुसऱ्या दिवशी चाचांच्या ओळखीच्या टमटममधून आम्ही निघालो. चाचांची मुलगी तोंड फिरवून बसली. काकूंनी भावाच्या मांडीवर अंबाडीची जुडी ठेवली. पुन्हा कधी येणार, असं त्यांनी विचारलं नाही. मला ते बरं वाटलं आणि वाटेत सारखं टोचतही राहिलं.

मी पप्पांना काहीच सांगितलं नाही. जेवताना तोंड उघडायचे आणि घास घ्यायचे. भाऊ समोरच्या खोलीत झोपला, आई त्याच्या शेजारी. पप्पांनीही काही विचारलं नाही. सकाळी मात्र त्यांचा दुकानातून फोन आला. नायगावहून एक कुटुंब निघालंय, मुलीसाठी खालचीच खोली हवी म्हणतायत, मी येतोच.

पप्पा आले आणि सरळ भावाच्या खोलीत गेले. "थोडा वेळ," त्याला म्हणाले. त्यांनी त्याला खांद्याकडून धरलं, मी पायांकडून. कोठीच्या दारात आम्हाला तिरकं व्हावं लागलं. पप्पांची कोपरं चौकटीला घासली. आम्ही त्याला गव्हाच्या पोत्यांच्या मधल्या जागेत, खाली अंथरलेल्या सतरंजीवर बसवलं. खुर्ची बाहेरच राहिली, पप्पांनी ती घडी करून जिन्याखाली सरकवली.

"ताई," भाऊ म्हणाला, "पोत्यांशी माझी ओळख करून दे. दिवसभर बोलायला कोणीतरी पाहिजे."

पप्पा ऐकत होते. त्यांनी कपाळ पुसलं आणि बाहेर गेले. स्वयंपाकघरात आईनं फोडणी टाकली होती, पण ढवळायचा आवाज येत नव्हता.

नायगावचं कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन वेण्या घातलेली मुलगी. मुलगी माझ्यासारखीच, कोणाकडे न बघणारी. वडिलांनी समोरच्या खोलीची खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला. बाथरूममधली भिंतीची नळी हलवून बघितली.

"मजबूत हाय," ते म्हणाले. "कशाला लावली?"

पप्पा म्हणाले, "आमची मुलगी इंग्लिश मीडियमची आहे. अभ्यासात मदत होते." आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मुलीच्या आईनं भिंतीवरून हात फिरवला. त्या ठिकाणी भावाच्या खुर्चीची चाकं घासून रंग गेला होता. "चांगली हाय खोली," त्या म्हणाल्या. "बाई, घरात कोण कोण असतं तुमच्या?"

पप्पा किल्ल्या या हातातून त्या हातात करत होते. मी खिडकीकडे गेले नाही.

"आम्ही चौघं असतो," मी म्हणाले. "आई, पप्पा, मी आणि माझा भाऊ. त्याला चालता येत नाही. आत्ता तो मागच्या कोठीत आहे, त्याला आणते, तुमची ओळख करून देते. वरच्या खोल्या बघा तुम्ही. ही त्याची आहे, ही द्यायची नाही."